फ्रिजला घाम

जून लागला की माझ्या फोनवर एकच तक्रार चार-पाच भाषांतून येते. कन्नड, तेलुगू, हिंदी, इंग्रजी, आणि महिन्याकाठी दोन-तीनदा आपली मराठी. "फ्रिज गळतोय." मी विचारतो, कुठून? "ते दारातून बर्फ येतो ना, तिथून." एवढं ऐकलं की फ्रिज गळत नसणार याचा मला निम्मा अंदाज येतो. तरी जावं लागतं.

मी मूळचा गडहिंग्लजकडचा. कोल्हापूरच्या आयटीआयत रेफ्रिजरेशनची दोन वर्षं काढली, शाहूपुरीतल्या एका दुकानात थोडे दिवस पाने-पक्कड सांभाळली आणि १९९८ साली बंगळूरला आलो. सीमेवरचा असल्यामुळे कन्नड कानाला होतं, ते जिभेवर यायला सहा महिने लागले. तेव्हा इथे घरोघरी १६५ लिटरचा एका दाराचा फ्रिज असायचा. वर छोटा फ्रीजर, त्यात ॲल्युमिनियमचा ट्रे. बर्फ हवा तर ट्रे नळाखाली धरायचा आणि उलटा आपटायचा. पुढे या शहरात पैसा आला, फ्लॅट मोठे झाले आणि दोन कपाटं शेजारी-शेजारी उभी करावीत तसे फ्रिज आले. अमेरिकेतून परतलेल्या काहींनी तर आपला तिकडचा फ्रिजच कंटेनरमधून आणला. ११० व्होल्टचा, म्हणून त्याच्या बाजूला गुरगुरणारा ट्रान्सफॉर्मर. या सगळ्यांच्या डाव्या दारात एक कोनाडा असतो. ग्लास धरा, पट्टी दाबा, बर्फ पडतो.

माझं खासगी मत विचाराल तर हा नसता उद्योग आहे. फ्रीजर म्हणजे उणे १८ अंशांची पेटी. ती थंडी आत कोंडण्यासाठी एवढा फोम भरायचा, एवढी रबरं लावायची आणि मग दाराला मुद्दाम भोक पाडायचं! वर कोनाड्यासाठी दार आतून कोरल्यामुळे नेमकं तिथेच फोमला जागा उरत नाही. पण या भोकावर माझ्या मुलीचं इंजिनिअरिंग झालं, तेव्हा फार बोलत नाही.

त्या भोकाला आतून एक झाकण असतं. आम्ही त्याला फ्लॅप म्हणतो. तळहातापेक्षा लहान, कडेला मऊ रबर. पट्टी दाबली की फ्लॅप उघडतो, बर्फ घसरणीवरून खाली येतो आणि पट्टी सोडल्यावर काही सेकंद थांबून तो मिटतो. मागे राहिलेला चुरा पडून जावा म्हणून हे थांबणं. शिवाय कोनाड्याच्या चौकटीमागे एक हीटर चिकटवलेला असतो. कागदासारखा पातळ, चार-पाच वॅटचा. फ्रिजमध्ये हीटर म्हटलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात, पण त्याचं काम एवढंच की दर्शनी भाग फार थंड होऊ द्यायचा नाही. फ्लॅप आणि हीटर. कोनाड्यात पाणी दिसलं की बहुतेक वेळा या दोघांपैकी एकानं तरी काम सोडलेलं असतं.

मल्लेश्वरमच्या एका मराठी घरातली गोष्ट सांगतो. ऑगस्ट महिना, तीन दिवस सूर्य दिसलेला नव्हता. घरात काकू, काका, त्यांचा मुलगा-सून, दोन नातवंडं आणि काकूंच्या नव्वदीतल्या सासूबाई. माझ्याआधी तिघे येऊन गेले होते. एकानं दाराचं मोठं रबर बदललं, दुसऱ्यानं गॅस भरला, तिसरा "स्वल्प ॲडजस्ट माडी, पावसाळ्यात असंच होतं" म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. फ्रिजखालची लाकडी फरशी एका कडेनं फुगून वर आली होती.

"हे बघा दादा," काकू म्हणाल्या. मी बघितलं तर कोनाडा लख्ख कोरडा.

"आत्ताच पुसून घेतलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही येणार म्हणून."

हे दर दोन घरांआड होतं. मेकॅनिक येणार म्हणून घर आवरायचं, फ्रिज पुसायचा, आतली कालची भाजीसुद्धा लपवायची. मी काकूंना म्हटलं, आता थांबायला लागेल, पाणी परत यायला हवं. त्यांना हे फारसं पटलं नाही. काही करायचं सोडून मिस्त्री खुर्चीवर बसून राहिलाय आणि चहा पितोय, हे कुणाला आवडेल?

सासूबाई टेबलाशी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "माठाला पाझर सुटतो तसं झालंय त्याचं."

म्हटलं, "आजी, माठाचं उलटं असतं. माठातलं पाणी आतून बाहेर येतं आणि उडून जातं, म्हणून माठ गार. इथे पाणी बाहेरून येऊन बसतंय."

"बाहेरून म्हणजे कुठून?"

मी काकूंकडून स्टीलचा तांब्या मागून घेतला, फ्रिजमधल्या बाटलीतलं पाणी त्यात ओतलं आणि आजींसमोर ठेवला. दोन-तीन मिनिटांत तांब्या धूसर झाला, मग त्यावर थेंब धरले, एक ओघळ खाली टेबलावर आला. "आता सांगा आजी, तांब्या कुठे फुटलाय?" त्यांनी बोटानं ओघळ पुसला, बोट बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्याच घरातलं पाणी." तिघांना न उमगलेलं निदान नव्वदीच्या बाईनं तांदूळ निवडता निवडता केलं.

हवेत मुरलेलं पाणी ज्या तापमानाला थेंब होऊन बसतं, त्याला दवबिंदू म्हणतात. आयटीआयच्या पुस्तकात तो एक तक्ता होता आणि मी तो परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ बंगळूरनं शिकवला. मार्चच्या दुपारी इथे ३३ अंश आणि २५ टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू १० अंशांच्या आसपास येतो. ऑगस्टमध्ये पारा २४ वर असतो, लोक स्वेटर काढतात, पण आर्द्रता ८४ टक्के असली तर दवबिंदू थेट २१. मग समजा, फ्लॅपमधून थोडी थंडी निसटतेय आणि चौकट १६ अंशांवर आलीय. मार्चमध्ये ती कोरडी ठणठणीत राहील. ऑगस्टमध्ये तिला दरदरून घाम फुटेल. बिघाड तोच. त्यामुळे "परवापर्यंत चांगला होता हो" हे गिऱ्हाइकाचं म्हणणं खोटं नसतं, पण फ्रिज परवा बिघडलेला नसतो. कदाचित दिवाळीपासूनच बिघडलेला असतो.

त्यात या शहराच्या घरांचीही एक गंमत आहे. स्वयंपाकघराला लागून ती युटिलिटी, म्हणजे वॉशिंग मशीन आणि दोऱ्या. पावसात कपडे तिथेच वाळतात, म्हणजे दोन बादल्या कपड्यांमधलं पाणी घरातल्या हवेत. दुसऱ्या बाजूला इडलीचं पातेलं फुसफुसतं. फ्रिज दोघांच्या मध्ये उभा.

असो. चाळीस मिनिटांनी थेंब आले. आणि ते कुठे आले, हेच मला बघायचं होतं. चौकटीवर सगळीकडे सारखी बारीक लव धरली असती तर मी हीटरवर संशय घेतला असता. इथे वरच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली टपोरे थेंब होते, उरलेल्या चौकटीवर नुसता धुरकटपणा. म्हणजे दोन गोष्टी असाव्यात असं मला तेव्हाच वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

स्टीलवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून काही उपयोग नसतो. चकचकीत पत्रा त्याला समोरच्याच गोष्टींचं तापमान दाखवतो. म्हणून मी काळ्या टेपचे दोन तुकडे चिकटवतो आणि टेपवर रोखतो. कोपऱ्यात १४, बाकी चौकटीवर १८. मग आजींच्या देवघरातली एक उदबत्ती मागितली. हल्लीच्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो आणि तो पेट घेतो, त्यामुळे आधी गळती शोधायचं यंत्र मागे-पुढे फिरवून खात्री केली आणि मगच काडी ओढली. उदबत्तीचा धूर सरळ वर जातो. ती कोनाड्यात डाव्या कोपऱ्याखाली धरली तर धूर वाकला आणि केसासारखी एक रेघ होऊन खाली उतरू लागला. फ्रीजरमधली हवा थंड, म्हणून जड. फटीतून बाहेर पडली की ती खालीच जाणार आणि धुराला सोबत नेणार. काकू, काका आणि दोन्ही नातवंडं येऊन बघून गेली. धाकट्यानं तर परत परत करायला लावलं.

तो धाकटाच आरोपी होता. अर्धा आरोपी म्हणू. आईस क्रशचं बटण त्यानं शोधून काढलं होतं आणि उन्हाळ्याची सुट्टी लागल्यापासून रोज कालाखट्टा घालून गोळा चालला होता. अख्खे तुकडे घसरणीवरून गडगडत जातात, मागे फारसं काही ठेवत नाहीत. चुरा मात्र फ्लॅपच्या बैठकीवर चिकटतो. तो जरासा वितळतो, पुन्हा गोठतो, त्यावर दुसऱ्या दिवशीचा. प्लग काढून, बर्फाची बादली बाहेर घेऊन बॅटरीनं आत पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात बर्फाचा एक खडा बसलेला, साबुदाण्याएवढा. त्यावर महिनोन् महिने आपटून फ्लॅपच्या रबराचा कोपरा कडक झाला होता आणि वर वळला होता. कोमट पाण्याच्या फडक्यानं बर्फ काढला, तरी रबर काही सरळ बसेना. नवा फ्लॅप यायला आठ दिवस. तोवर क्रशचं बटण बंद.

आठ दिवसांनी फ्लॅप बसवला. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. मी पैसे घेतले, कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानातून मुलीसाठी म्हैसूरपाक घेतला आणि घरी आलो. चौथ्या दिवशी काकूंचा फोन: "दादा, टपटप थांबली, पण सकाळी हात लावला की ओलं लागतंच."

पहिला दोष सापडला की आपलं डोकं काम करायचं थांबतं. इतकी वर्षं झाली, अजून थांबतं. चौकटीवरचा तो धुरकटपणा मी पहिल्या दिवशी बघितला होता आणि कोपऱ्यातल्या थेंबांच्या आनंदात विसरून गेलो होतो.

परत गेलो. आता हीटर. तो १२ व्होल्टवर पाच वॅटचा होता, म्हणजे रोध २९ ओहमच्या जवळपास यायला हवा. वरच्या बिजागरीवरचं झाकण काढलं, दाराचा कनेक्टर सोडवला, मल्टिमीटर लावला. २९. हीटर चांगला. आधीच्या तिघांपैकी एकानंही हेच केलं असणार, कारण झाकणाचा स्क्रू कुणीतरी आधी झिजवलेला होता. मी मीटर तसाच लावून ठेवला आणि उगाच दार लोटलं. आकडा गेला. उघडलं, २९. लोटलं, गेला.

दार उघडं असताना हीटर चालू, दार बंद असताना हीटर बंद! आणि फ्रिजचं दार चोवीस तासांत किती वेळ उघडं असतं? बिजागरीच्या पोकळीतून दारात जाणारी वायर रोज पन्नास-साठ वेळा वाकते. आत तांबं तुटलेलं, वरचं प्लॅस्टिक शाबूत. दार उघडलं की दोन टोकं एकमेकांना भेटायची, बंद केलं की दुरावायची. मेकॅनिक तपासताना दार उघडंच ठेवतो. म्हणून त्यालाही आणि मलाही हीटर चांगला दिसला.

दुसऱ्या दिवशी एस. पी. रोडला जाऊन बारीक तारांची मऊ वायर आणली. त्या गल्लीत काय मिळत नाही? एकेका दुकानात उभं राहायला दोन फूट जागा आणि मालकाच्या डोक्यात हजार डब्यांचा हिशेब. तुटका भाग कापून नवी वायर डाख देऊन जोडली, वर स्लीव्ह चढवली आणि बिजागरीत थोडा ढिला वेढा ठेवला. वायर ताणलेली असली की तुटते, हे कंपनीतही माहीत असतं, तरी तीन इंच वायर कुठे वाचवतात देव जाणे. तासाभरानं चौकट साडेबावीसवर आली. त्या दिवशीचा दवबिंदू २१. अंतर दीड अंशाचं. पण थेंबाला दीड अंश पुरतो.

पाच वॅटवरून आठवलं. बेळ्ळंदूरच्या बाजूला एक तरुण इंजिनिअर होता. त्याच्या फ्रिजची मी अर्धा तास नाडीपरीक्षा केली. फ्लॅप ठीक, हीटर ठीक, वायर ठीक, पण हीटरला करंटच नाही. शेवटी पॅनेलकडे नीट बघितलं तर एनर्जी सेव्हरचा हिरवा दिवा लागलेला. कित्येक मॉडेलांत हे बटण दाबलं की चौकटीचे हीटर बंद होतात. त्यानं वीज वाचवायला ते फेब्रुवारीत दाबलं होतं, जूनपर्यंत काही झालं नाही. पाच वॅट वर्षभर चालले तर ४४ युनिटं होतात, त्यामुळे त्याचंही अगदीच चुकलं नव्हतं. कोरड्या महिन्यांत वाचवा, पावसाळ्यात सोडून द्या, असं सांगितलं. एक बटण दाबायचे पैसे कसे मागायचे या विचारात मी होतो. त्यानंच विचारलं किती झाले. व्हिजिटचेच घेतले. कुठलं बटण ते शोधायचेही पैसे असतात, हे मला बायकोनं घरी गेल्यावर ऐकवलं.

आता माझी एक चूक. ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. बंगळूरला येऊन सात-आठ वर्षं झाली होती, असले मोठे फ्रिज नुकते हाताला लागायला लागले होते. इंदिरानगरच्या एका घरी कोनाड्यात पाणी. मला वाटलं, चौकट आणि पत्रा यांच्या फटीतून थंडी येतेय. मी सगळ्या कडेनं सिलिकॉन भरला, वर फोमची टेप मारली. पंधरा दिवस कोरडं. गिऱ्हाईक खूश, मी खूश. पुढच्या पावसाळ्यात बोलावणं आलं तेव्हा दाराचा पत्रा कोनाड्याखाली पोटासारखा सुटला होता. फ्लॅपमधून थंडी येतच होती. मी फक्त समोरची वाट बुजवली होती. दमट हवेनं कुठून तरी आत वाट काढली, पाणी फोममध्ये साचलं, गोठलं, फुगलं. पॉलियुरेथेनचा फोम थंडी अडवतो कारण त्याच्यात बंद बुडबुडे असतात. त्यात बर्फ झाला की खेळ संपला, कारण बर्फातून उष्णता फोमच्या जवळजवळ शंभरपट सहज जाते. म्हणजे मी फ्रिजच्या दारात थंडी बाहेर न्यायचा एक पूल बांधून ठेवला होता. फोम दारात ओतून भरलेला असतो, तो काढून बदलता येत नाही. अख्खं दार बदलावं लागलं. निम्मे पैसे मी दिले. ते फेडायला चार महिने गेले.

खरं तर हे मला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं. आमच्या गावात लग्नकार्याला बर्फाची लादी यायची ती भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. बर्फवाला भुसा ओला झाला की फेकून द्यायचा, कोरडा मागायचा, आणि आम्हा पोरांना वाटायचं, बर्फाला ओलं झालेलं का चालत नाही? १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला जहाजानं बर्फ आला तोही भुशातच, चार महिन्यांचा प्रवास करून. ओला भुसा आणि ओला फोम, सारखेच निकामी.

सगळंच पाणी हवेतलं नसतं, हेही सांगायला हवं. कोनाड्यात पाण्याचा नळही असतो आणि त्याचा व्हॉल्व्ह कचऱ्यानं किंवा क्षारानं नीट मिटला नाही तर थेंब थेंब सुटतो. बोअरवेलचं पाणी थेट जोडलेलं असेल तर ओळखणं सोपं: वाळल्यावर पांढरा डाग उरतो. हवेतून आलेलं पाणी डिस्टिल्डसारखं असतं, डाग ठेवत नाही. आरओचं पाणी जोडलं असेल तर डागाचा पुरावा नाहीसा होतो. मग मी चार थेंब झाकणात धरून टीडीएसचा पेन बुडवतो. नळाच्या पाण्याचा आकडा आणि थेंबांचा आकडा जुळला तर गळती, थेंबांचा फारच कमी आला तर घाम. काही घरांत दोन्ही असतं आणि तिथे माझा अख्खा दिवस जातो.

मल्लेश्वरमच्या आजी त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. काकूंचा फ्रिज अजून चालू आहे. मध्ये एकदा गांधीनगरला महाराष्ट्र मंडळात काका भेटले, म्हणाले, नातवाला कॉलेजात फिजिक्स आहे आणि तो पाहुण्यांना उदबत्तीचा प्रयोग करून दाखवतो.

यंदाही जून लागलाय. सकाळपासून तीन फोन झाले, तिन्ही ठिकाणी दारातला बर्फ. तिघांनाही एकच विनंती केली, तुम्हालाही करतो. फ्रिजच्या खाली जुना टॉवेल टाका, फरशी वाचवा, प्लगजवळ पाणी जात असेल तर स्विच बंद करा. पण कोनाड्यावर फडकं फिरवू नका. मी येईपर्यंत ते पाणी आहे तिथे, आहे तसं राहू द्या.